अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड रंगमंचावर : कापडापासून कोयत्यापर्यंत

स्नेहसंमेलनात समुद्री चाच्यांचं नाटक ठरलं की भाड्याच्या पोशाखवाल्याकडून ठरलेला गठ्ठा येतो. कवटी छापलेली काळी टोपी, एका डोळ्यावरची पट्टी, गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि मुलींसाठी म्हणून दोऱ्यांनी आवळलेली चोळी. यातलं काहीही अ‍ॅन बॉनी किंवा मेरी रीड, या अठराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात चाचेगिरी करणाऱ्या दोन बायकांच्या अंगावर कुणी पाहिल्याची नोंद नाही. त्यांनी खरोखर काय घातलं होतं याची मात्र शपथेवर दिलेली साक्ष आहे. आणि तो पोशाख सोलापुरात, म्हणजे कापडाच्या आणि गणवेशांच्या गावात, भाड्यापेक्षा फार महाग न पडता शिवून होतो.

साक्ष डोरोथी थॉमस नावाच्या बाईची. ऑक्टोबर १७२० मध्ये ती जमैकाच्या उत्तर किनाऱ्याजवळ होडीतून सामान नेत असताना दोघी ज्यात होत्या त्या जॉन रॅकमच्या टोळीने तिला लुटलं. २८ नोव्हेंबर १७२० रोजी, आज ज्याला स्पॅनिश टाउन म्हणतात त्या गावातल्या न्यायालयात तिने सांगितलं : दोघींनी पुरुषी जाकिटं आणि लांब विजारी घातल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधले होते, प्रत्येकीच्या हातात एक कोयता आणि एक पिस्तूल होतं. पुढे आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून हिला मारून टाका, असं त्या पुरुषांना शिव्या घालत सांगत होत्या. आणि या बायका आहेत हे आपण त्यांच्या छातीवरून ओळखलं.

दुसरी साक्ष दोन फ्रेंच माणसांची. एखादं जहाज दिसलं, पाठलाग किंवा हल्ला करायचा असला की दोघी पुरुषांचे कपडे चढवत. एरवी बायकांच्याच कपड्यांत असत. या दोन साक्षी हेच तुमचं मापाचं पुस्तक. त्यातून निघणारी पहिली गोष्ट अशी की दोघी वेषांतर करून लपल्या नव्हत्या. ५ सप्टेंबर १७२० रोजीच बहामाचा गव्हर्नर वुड्स रॉजर्स याने काढलेल्या जाहीरनाम्यात दोघींची नावं आहेत. तेव्हा ‘अरे, ही तर बाई!’ म्हणून टोपी उडवण्याचा प्रसंग लिहू नका. पुरुषाच्या कपड्यांत लपलेली मेरी अ‍ॅनला कशी सापडली, ही कथा १७२४ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकातून आली; खटल्यात ती नाही.

कापड

एका मुलीच्या पूर्ण पोशाखाला, म्हणजे शर्ट, विजार आणि वरून नेसायचा परकर यांना, ४४ इंची पन्ह्याचं साडेसहा मीटर मांजरपाट लागतं. उंची साधारण पाच फूट दोन इंच धरली आहे. दर दोन इंचांमागे पाव मीटर वाढवा. चाटी गल्लीत घ्या किंवा पूर्व भागातल्या ओळखीच्या कारखान्यातून, पण कोरंच घ्या. पांढरंशुभ्र ब्लीच केलेलं कापड दिव्याखाली दवाखान्यातल्या चादरीसारखं दिसतं.

कोऱ्या कापडाला खळ असते. ती काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. रात्रभर कडकडीत पाण्यात बुडवून ठेवा, पाण्यात कापडाच्या दर किलोमागे दोन चमचे धुण्याचा सोडा घाला, सकाळी खळखळून दोनदा धुवा. हात फिरवल्यावर कापड बुळबुळीत लागलं तर खळ अजून आत आहे. हे काम पाणी येण्याच्या दिवशीच काढा, कारण मधल्या दिवशी एवढं पाणी साठ्यातून उपसणं कोणत्याच घराला परवडत नाही. धुतल्यावर कापड लांबीत शंभराला सहा-आठ सेंटिमीटर आटतं आणि पन्हा ११० सेंटिमीटरवर येतो. पुढची मापं त्या आटलेल्या कापडाची आहेत.

शर्ट

त्या काळचा खलाशाचा शर्ट म्हणजे नुसते चौकोन. गोलाई कुठेच नाही, त्यामुळे शिवणकामाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीलाही जमतो. १८० सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. त्यातून ६६ सेंटिमीटर रुंदीची पूर्ण लांबीची पट्टी काढा. ती मधोमध दुमडली की पुढचा-मागचा भाग एकसंध, खांद्याला शिवण नाही. उरलेल्या ४४ सेंटिमीटरच्या पट्टीतून ४२ सेंटिमीटर लांबीच्या दोन बाह्या, कॉलरसाठी ४१ बाय १६ चा तुकडा, कफांसाठी २२ बाय १२ चे दोन आणि बगलेच्या कळ्यांसाठी १३ बाय १३ चे दोन चौकोन. सगळीकडे दीड सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, धरली आहे.

दुमडीवर मधोमध २४ सेंटिमीटरची आडवी चीर द्या, तिच्या मध्यापासून पुढच्या भागात खाली २२ सेंटिमीटरची उभी. गळ्याच्या कडेला बारीक चुण्या घालून कॉलरमध्ये बसवा. बाहीही मनगटाशी चुण्या घालून कफात.

बगलेतली कळी गाळण्याचा मोह होतो, कारण ती बसवताना चारही कोपरे जुळवावे लागतात. गाळू नका. कळी नसलेल्या चौकोनी शर्टात मुलीने कोयता डोक्यावर नेला की पूर्ण शर्ट कमरेतून वर ओढला जातो, आणि तिसऱ्या तालमीत बगल फाटते. कळी आधी बाहीला शिवा, मग बाही अंगाला, आणि शेवटी कफापासून खालच्या घेरापर्यंत एकच लांब शिवण मारा.

विजार

प्रत्येक पायाला ९५ सेंटिमीटरचा तुकडा, बाहेरची शिवण नाही. पायजम्यासारखंच बेतायचं, फक्त पायाचा घेर खाली ५८ सेंटिमीटर ठेवायचा आणि तयार लांबी ८५, म्हणजे नडगीच्या खालच्या भागात येऊन थांबते. आसन ३० सेंटिमीटर खोल. त्याहून कमी ठेवलंत तर दोरखंडावर पाय टाकताना उसवतं.

नाडी घालू नका. वर परकर येणार आहे, त्याखाली विजारीची नाडी आणि परकराची गाठ एकमेकींत अडकली की मंचावर कुणालाच सुटत नाही. विजारीला पाच सेंटिमीटरचा पट्टा आणि पुढे दोन मोठी बटणं. मागे पट्ट्यात हवं तर इलॅस्टिक. प्रेक्षकांना मागचं दिसत नाही.

रंग

शर्ट आणि विजार शिवून झाल्यावर चहात काढायची. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम स्वस्तातली चहापूड दहा मिनिटं उकळा, जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळा, आणि ओले कपडे त्यात अर्धा तास सतत हलवत ठेवा. कोरडे टाकलेत किंवा हलवायला विसरलात तर ढगासारखे डाग पडतात. पूड नीट गाळली नाही तर ठिपके. ओलं असताना जो रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर बराच फिका होतो, त्यामुळे ‘फार गडद झालं’ म्हणून घाबरून लगेच धुऊ नका.

दोन गोष्टी इथे हमखास फसवतात. पॉलिस्टर दोरा चहा पीत नाही. कपडा विटकरी आणि शिवण पांढरीफटक, अशी रेघ उमटते. सुती दोरा वापरा नाहीतर आधीच खाकी रंगाचा. दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर चहातल्या टॅनिनशी जमून रंग करडा होतो. चाच्यांना तो शोभतो, हरकत नाही. पण एकीचा शर्ट नळाच्या पाण्यात आणि दुसरीचा बोअरच्या पाण्यात काढलात तर दोघी दोन वेगळ्या जहाजांवरच्या वाटतील.

जाकीट आणि रुमाल

जाकीट नव्याने शिवण्यात वेळ घालवू नका. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांची कमी नाही आणि घराघरात जुना शाळेचा ब्लेझर असतोच. गडद निळा किंवा तपकिरी, मुलीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा. खांद्यातली गादी काढा, खिशावरचा बिल्ला उसवा, कॉलरची उलटलेली पाती आत वळवून धावदोरा घाला, म्हणजे पुढची कड सरळ गळ्यापर्यंत जाते. लांबी कंबरेखाली दहा-बारा सेंटिमीटरवर छाटा. खलाशाचं जाकीट आखूड असे, कारण लांब कोट दोरांत अडकतो. पितळी किंवा लाकडी दिसणारी २० मिलिमीटरची आठ बटणं एका ओळीत. चकचकीत सोनेरी बटणं कप्तानाला, यांना नाही. अस्तर काढून टाका : गणेशोत्सवाच्या देखाव्यात तास-दीड तास दिव्यांखाली उभं राहायचं असेल तर अस्तराचा ब्लेझर घातलेली मुलगी भोवळ येऊन पडते.

रुमाल ७० सेंटिमीटरचा चौकोन, तिरका दुमडून मानेमागे गाठ. लाल किंवा चौकड्याचा सुती चालतो. ‘बँडाना’ हा शब्द आपल्या बांधणीच्या कुळातला आहे आणि त्या शतकात हिंदुस्थानी सुती रुमाल युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून दूरदूर जात, त्यामुळे इथला चौकडा कॅरिबियनमध्ये उपरा दिसायचं कारण नाही. टेरीचा टॉवेल मात्र नको. वेणी लपवायची गरजही नाही. रुमालाखालून बाहेर राहू द्या. छाती सपाट दिसावी म्हणून क्रेप बँडेज आवळायचं अजिबात नाही. साक्षीच्या विरुद्ध आहे, आणि आरडाओरडा करत पळायच्या प्रवेशात मुलीला श्वास पुरत नाही.

पाय अनवाणी. त्याआधी मंचावरचे खिळे हाताने चाचपून घ्या; झाडूने खिळा कळत नाही.

परकर आणि पालट

नाटकाचा जीव इथे आहे. साधा दिवस असताना दोघी बायकांच्या कपड्यांत, आणि क्षितिजावर शीड दिसलं की प्रेक्षकांसमोर पालट. विंगेत पळून जाऊन कपडे बदलायचे नाहीत.

ज्याच्या खाली विजार घातलेलीच आहे असा परकर करा. ९५ सेंटिमीटरचे दोन पन्हे जोडून सुमारे २२० सेंटिमीटरचा घेर होतो. एक बाजू खालपर्यंत उघडी ठेवा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आठ सेंटिमीटरचा वेल्क्रो लावा आणि वरून नाडीची खोटी, न सुटणारी गाठ शिवून टाका, म्हणजे लांबून खराच परकर वाटतो. परकर चहात न काढता कुंकवासारख्या किंवा नीळ घातलेल्या गडद रंगात रंगवा. विजारीच्या रंगाहून तो पूर्ण वेगळा हवा, नाहीतर मागच्या रांगांना पालट झालेला कळतच नाही. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात तर नक्कीच नाही.

विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळून वर परकर. खांद्यावर त्रिकोणी रुमाल, तोच पुढे डोक्यावर जाणार. खूण मिळाली की डाव्या हाताने परकर फाडल्यासारखा ओढायचा, विजार खाली सोडायची, जाकीट चढवायचं, रुमाल खांद्यावरून डोक्याला. बटणं फक्त वरची दोन लावायची. वीस-पंचवीस तालमी झाल्या की अर्ध्या मिनिटात बसतं. वेल्क्रोचा चर्र आवाज ऐकू येतोच, तो झाकायला त्याच क्षणी कुणीतरी ‘शीड! शीड!’ म्हणून ओरडू द्या. उतरलेला परकर मंचावर पडून राहिला की पुढच्या धावपळीत पायात येतो. तो उचलून विंगेत फेकणं हे एका खलाशाचं ठरलेलं काम असू द्या.

कोयता आणि पिस्तूल

साक्षीत तलवार नाही, कोयता आहे. ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागणार नाही. ऊसतोडीचा हंगाम तो दरवर्षी बघतो. फरक एवढाच की वेस्ट इंडिजचा कोयता आपल्या आकडीसारखा वळलेला नसून सरळ आणि टोकाकडे थोडा रुंद असतो. कोयता म्हटलं की हल्ली बातम्यांमुळे लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच येतं, म्हणून खरा आणू नका, बोथट करूनही नाही.

१० मिलिमीटर जाडीच्या फोमच्या दोन पट्ट्या, मध्ये बांबूची कामटी. एकूण लांबी ५५ सेंटिमीटर : पातं ४२, मूठ १३, पात्याची रुंदी मुठीशी चार आणि टोकाशी सहा सेंटिमीटर. कामटी टोकाच्या तीन सेंटिमीटर अलीकडे संपवा, नाहीतर ती फोम फोडून बाहेर येते आणि समोरच्याच्या डोळ्याशी जाते. मुठीला सुतळी गुंडाळा. वर चंदेरी नाही, काळपट करडा रंग आणि फक्त धारेच्या कडेला चंदेरीचा हात. फोमऐवजी थर्माकोल वापरला तर त्यावर थेट स्प्रेचा रंग मारू नका, थर्माकोल विरघळतो. आधी फेविकॉलचे दोन हात.

पिस्तूल चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारं, एका वेळी एकच गोळी. २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा २२ सेंटिमीटरचा तुकडा ही नळी, १२ मिलिमीटरच्या प्लायवूडमधून कापलेली वळणदार मूठ, वर चापाचा घोडा. एकूण ३८ सेंटिमीटर. गड्ड्याच्या यात्रेतलं टिकल्यांचं पिस्तूल आवाजाला बरं, पण दिसायला विसाव्या शतकातलं. आवाज ध्वनिफितीवरूनच द्या आणि त्यात आधी फुस्सकन पेटणारी दारू, मग लगेच बार, असे दोन आवाज ठेवा. चकमकीचं पिस्तूल असंच उडतं. एक बार झाला की ते परत भरायला वेळ नसतो. मुलींना सांगून ठेवा : झाडल्यावर पुन्हा नेम धरायचा नाही, पिस्तूल कमरेच्या नवारीत खोचायचं आणि कोयता घ्यायचा. त्यासाठी कमरेला दोन इंची सुती नवार, दोन मीटर, दोन वेढे.

शीड

रॅकमने २२ ऑगस्ट १७२० रोजी बहामातल्या नॅसॉच्या बंदरातून पळवलेलं ‘विल्यम’ हे बारा टनांचं लहान गलबत होतं. एक डोलकाठी, चार तोफा आणि कठड्यावर फिरणाऱ्या दोन लहान तोफा. तेव्हा मंचावर तीन मजली जहाज उभारू नका. एक चार मीटरचा बांबू, त्याला तीन बाय अडीच मीटरचं एक चौकोनी शीड, पुढे एक त्रिकोणी. शीड मांजरपाटाचंच, पण त्यावर दर ६० सेंटिमीटरला उभी दुहेरी शिवण मारा. खरी शिडं अरुंद पन्ह्यांच्या पट्ट्या जोडून होत, आणि या शिवणीमुळेच ती पडद्यापेक्षा वेगळी दिसतात. सोलापुरी चादर कितीही हाताशी असली तरी शीड म्हणून टांगू नका, मोराची नक्षी तिसऱ्या रांगेतून ओळखू येते. ती विंगेत जमिनीवर अंथरा, अनवाणी धावणाऱ्यांच्या पावलांचा आवाज मरतो.

रॅकमच्या नावावर खपणारा कवटी आणि दोन तलवारींचा झेंडा त्या खटल्याच्या कागदांत नाही. झेंड्याशिवाय नाटक अडत नाही.

बोली

दोघी सारख्या शिव्या देत, असं साक्षीदार सांगतात. शाळेच्या मंचावर ते शक्य नाही आणि ‘अरे बदमाशांनो’ म्हटलं की बालनाट्य होतं. सोलापूरकरांकडे यावर तोड आहे : ‘काय बे’. डोरोथीकडे कोयता रोखून, पुरुषांकडे वळून ‘बघत काय उभारलाय बे, संपवा की हिला’ असं म्हटलं की शिवीचं काम होतं आणि मुख्याध्यापकही गप्प राहतात. एकमेकींशी बोलताना ‘अगं’ असू द्या. डोरोथी मात्र प्रमाण मराठीत, घाबरलेली पण शब्द तोलून बोलणारी हवी, कारण पुढे साक्ष तिलाच द्यायची आहे.

पकडले जाण्याचा प्रसंग छोटा ठेवा. जमैकाच्या पश्चिम टोकाला नेग्रिलपाशी कप्तान जोनाथन बार्नेटने हाक मारली, कोण तुम्ही? उत्तर आलं, क्यूबाचा जॉन रॅकम. शरण या म्हटल्यावर नकार, मग बार्नेटचा मारा, त्यात शिडाचा खालचा दांडा उडाला आणि चाच्यांनी दया मागितली. दांडा आधीच एका बाजूने सुतळीवर टांगा आणि तोफेच्या बाराबरोबर सुतळी सोडा. शीड आपोआप कोसळतं. पुरुष जहाजाच्या तळाशी दडले आणि दोघीच लढल्या, तसंच फाशीआधी अ‍ॅनने रॅकमला सुनावलेला टोमणा, हे दोन्ही त्या १७२४ च्या पुस्तकातलं आहे. घ्यायचंच असेल तर सूत्रधाराच्या तोंडी ‘लोक सांगतात’ म्हणून द्या.

कान्होजी आंग्रे याच काळातले आणि इंग्रज त्यांनाही चाचे म्हणत. म्हणून कुणीतरी त्यांना याच नाटकात घालायचं सुचवतंच. ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, होते, त्यांचं नाटक वेगळं करा. तसंच आयर्लंडची ग्रेस ओ’मॅली, जी १५९३ साली राणी एलिझाबेथला भेटली, आणि १८०७ साली नवरा गेल्यावर चीनच्या किनाऱ्यावरचा चाच्यांचा ताफा हाती घेऊन १८१० साली सरकारशी तह करून सुटलेली झेंग यी साओ. वरचा एकही कपडा त्या दोघींना चालणार नाही.

न्यायालय

रॅकमला १८ नोव्हेंबरला पोर्ट रॉयलमध्ये फाशी झाली. दहा दिवसांनी दोघींचा खटला, दोघींनाही फाशीची शिक्षा. शिक्षा सुनावून झाल्यावर दोघींनी सांगितलं की आपण गरोदर आहोत, आणि इंग्रजी कायद्यानुसार अंमलबजावणी थांबवावी लागली. हा प्रवेश विजारीत नको, परकरात करा, आणि खोटं पोट बांधू नका. तेव्हा ते दिसण्याइतकं होतं असं कुठेही नाही. वाक्य आधी मेरीने म्हणायचं, मग थोडं थांबून अ‍ॅनने, तेही न्यायाधीशाकडे न बघता. हशा येण्याचा धोका इथेच आहे. तालमीत प्रेक्षक म्हणून बाहेरची चार मुलं बसवून तपासा, आणि हशा आला तर दोन वाक्यांमधला थांबा कमी करा.

शेवटी कारकून वही घेऊन पुढे येतो. मेरी रीड, पुरलं, २८ एप्रिल १७२१. मग पान उलटतो, अ‍ॅन बॉनीचं नाव उच्चारतो आणि वही प्रेक्षकांकडे फिरवतो. ते पान कोरं असायला हवं, आणि मागच्या रांगेला कोरं दिसावं म्हणून वही किमान ए-थ्री आकाराची.